डिस्नेचं गेट किती वाजता उघडतं?

पनवेलमधल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर संध्याकाळी डोकावून बघा. कोणीतरी काका मोबाइल आभाळाकडे धरून उभे असतील. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, पहिली प्रवासी विमानं उडाली आणि आमच्या गावाचा नूरच पालटला. उलव्याची टेकडी कापत होते तेव्हा ‘हे काय आमच्या हयातीत होत नाही’ म्हणणारी मंडळी आता पाहुण्यांना स्टेशनऐवजी विमानतळाचं अंतर सांगतात. पनवेलला राहतो म्हटल्यावर ‘म्हणजे पार तिकडे?’ असं विचारणाऱ्या अंधेरीकरांनाही आता जरा जपून बोलावं लागतं. सॉलिड ना?

तर विमानतळ दाराशी आला आणि घराघरात नवं पिल्लू सुटलं : फॉरेन ट्रिप! आमच्या पिढीची फॉरेन ट्रिप म्हणजे काही पंधरा दिवसांचं युरोप नव्हे. तेवढी रजा देतो कोण? आणि परवडतंय कोणाला? शुक्रवारची नाइट फ्लाइट, मध्ये एक वीकेंड, वर तीन-चार सुट्ट्या. एवढ्यात बसतं ते आशियातलं एखादं शहर, आणि त्या शहरात ठरलेली एक गोष्ट, थीम पार्क. डिस्नेलँड नाहीतर युनिव्हर्सल स्टुडिओज. ऑफिसात कोणाचंही लग्न ठरलं, प्रमोशन झालं, की पहिला बेत हाच.

यात नाक मुरडण्यासारखं काही नाही हं. आपण लहानपणापासून त्याच रांगेत उभे आहोत. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि पुढची वीसेक वर्षं मुंबई-रायगडच्या शाळांच्या सहली बोटीत बसून तिकडे गेल्या. माझीही गेली. डब्यात पुरीभाजी, गळ्यात वॉटरबॅग. मग २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं. आम्हा पनवेलकरांना तर ते घरच्यासारखंच, हायवेला लागलं की तासाभराच्या आत पोचतो. नायट्रोवर बसून किंचाळून झालं, घसा बसला, आता पुढे काय? पुढे हेच!

पण ‘जाऊ या’ म्हणणं आणि जाणं यात बरंच अंतर आहे. गेले चार महिने मी आमच्या घरच्या अशाच ट्रिपची तयारी करतेय. मी, आई आणि बाबा. दादा-वहिनी त्यांच्या पिल्लाला घेऊन नंतर कधीतरी जाणार आहेत. या चार महिन्यांत मी एजंटांशी बोलले, जाऊन आलेल्या मैत्रिणींचं डोकं खाल्लं आणि एक वही भरवली. त्या वहीचा सगळा फंडा एका प्रश्नात मावतो. तिथं तुम्हाला किती तास मिळणार? तिकीट कितीला, हॉटेल किती स्टार, विमानात जेवण आहे का, हे आपण घोळून घोळून विचारतो. पार्कात आपण नक्की किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि अहो, तेच तर विकत घेतोय आपण!

हाँगकाँगच्या डिस्नेलँडचंच बघू. पार्क साधारण सकाळी दहा-साडेदहाला उघडतं आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत चालू असतं. म्हणजे फार तर अकरा तास. त्यातला पहिला तास सोन्यासारखा, कारण त्या वेळी रांगा छोट्या असतात. शेवटचा तासही तितकाच मोलाचा, कारण राजवाड्यावरचा दिव्यांचा नि आतषबाजीचा शो रात्री असतो. अल्बममध्ये जाणारे फोटो बहुतेक याच वेळचे. आता तुमचं पॅकेज बघा. सकाळी हॉटेलात ब्रेकफास्ट, मग चाळीस माणसं बसमध्ये भरायची, त्यात एक काका पासपोर्ट खोलीत विसरलेले, मग ट्रॅफिक. गेटवर पोचता पोचता साडेअकरा. आणि संध्याकाळी सात वाजता शहरात ‘इंडियन डिनर’ बुक केलेलं, म्हणजे सहाला बसपाशी हजर! सोन्यासारखा तास गेला, शोही गेला. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण दिवसाचे.

टूर कंपन्यांना शिव्या घालायला बसलेय असं समजू नका. मराठी माणसाला परदेश दाखवला तो त्यांनीच. केसरी १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये. ज्यांना इंग्रजीत दोन वाक्यं बोलायचं टेन्शन येतं अशा कितीतरी काकू-मावश्या या मंडळींच्या भरवशावर जग बघून आल्या. सोबत टूर मॅनेजर, रात्री वरणभात, आजारी पडलं तर धावाधाव करायला माणूस. हे कमी नाही. माझं म्हणणं इतकंच की बुकिंग करण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा. पार्कात किती वाजता सोडणार? आणि किती वाजता उचलणार? समोरचा माणूस ‘फुल डे आहे मॅडम’ म्हणेल. आपण गोड आवाजात पुन्हा विचारायचं, ‘हो, पण किती वाजता?’ आकडा मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आवडला नाही तर पार्कच्या दिवसाचं जेवण सोडून स्वतः टॅक्सीने परत येण्याची परवानगी मागा. अनेक ठिकाणी मिळते.

आता कुठं जायचं? झटपट सांगते, कारण यावर भांडण करायला तुमचा ऑफिसचा ग्रुप आहेच. तोक्योचं डिस्नेलँड सगळ्यात जुनं, १५ एप्रिल १९८३ चं. अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्ने पार्क तेच. शेजारी २००१ मध्ये डिस्नेसी उघडलं, तसं पार्क जगात दुसरीकडे कुठेही नाही. ओसाकाला युनिव्हर्सल आहे, तेही २००१ चंच. हाँगकाँगचं डिस्नेलँड सप्टेंबर २००५ चं. सिंगापूरचं युनिव्हर्सल २०१० मध्ये सुरू झालं. शांघायचं डिस्ने २०१६ चं. आणि लहान मुलं असतील तर सिंगापूरला लागून मलेशियाच्या जोहोरमध्ये २०१२ पासून लेगोलँड आहे. फक्त सिंगापूरहून तिकडे जाऊन परत यायचं असेल तर सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे आधी तपासा.

माझं मत विचाराल तर तोक्यो दुसऱ्या ट्रिपला ठेवा. एक तर ते लांब, आणि तिथली गर्दी इतकी शिस्तीत इतकी पुढे असते की पहिलटकराची दमछाक होते. तिकिटाचे दरही तारखेप्रमाणे बदलतात. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्यांचं एका दिवसाचं तिकीट ७,९०० येनपासून १०,९०० येनपर्यंत, जशी गर्दी तसा भाव. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. तोक्यो डिस्नेलँड नावालाच तोक्योचं, ते आहे चिबा प्रांतातल्या उरायासूमध्ये. आणि नदीच्या अलीकडे जो एदोगावा वॉर्ड लागतो, तिथलं निशिकासाई म्हणजे तोक्योतली भारतीयांची मोठी वस्ती. आयटीवाल्यांची नुसती रेलचेल. याच वॉर्डातून एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. म्हणजे डिस्नेच्या वेशीवर तेव्हा आपलाच माणूस नगरसेवक होता! तिथं कोणी ओळखीचं राहत असेल तर माझं मत खुशाल बाजूला ठेवा आणि सरळ तोक्यो गाठा. घरचं जेवण नि रस्ता सांगणारं माणूस मिळत असेल तर आणखी काय हवं?

तसं कोणी नसेल तर पहिल्या खेपेला सिंगापूर किंवा हाँगकाँग. दोन्हीकडे मुंबईहून थेट गेलात तर पाच-सहा तासांत पोचता, दोन्हीकडची घड्याळं आपल्या अडीच तास पुढे. हे अडीच तास हलके घेऊ नका. तिथं सकाळी सातला उठायचं म्हणजे आपले साडेचार! अर्थात पहाटेची सीएसएमटी लोकल पकडणाऱ्या पनवेलकराला याचं काय मेलं कौतुक. सव्वा तासाहून जास्त लटकत जाणाऱ्यांना रांगेची भीतीही दाखवू नये. पण एक पथ्य पाळा. रात्रीच्या विमानाने पहाटे उतरलात तर त्याच दिवशी पार्क ठेवू नका. ‘एक दिवस वाचतो ना’ म्हणून खूपजण हेच करतात आणि दुपारी तीनला कुठल्यातरी बाकड्यावर बॅग उशाला घेऊन घोरतात. पहिला दिवस शहरात भटका, रात्री लवकर झोपा, पार्क दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी.

कुठल्या दिवशी, हा त्याहून मोठा प्रश्न. आपण आपलं कॅलेंडर बघून ठरवतो : मे महिना, दिवाळी, नाताळ. तिकडचं कालनिर्णय कोण बघणार? चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं, १ मे पासून त्यांची कामगार दिनाची सुट्टी, १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी. जपानचा गोल्डन वीक एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. म्हणजे आपली मुलं परीक्षा संपवून ‘चला’ म्हणतात, नेमका तेव्हा अख्खा पूर्व आशिया घराबाहेर पडलेला असतो. ही सुट्टीची गर्दी काय चीज आहे, ते हाँगकाँगने २००६ मध्ये पाहिलंय. पार्क उघडून जेमतेम पाच महिने झाले होते. त्यांनी काही तिकिटं अशी विकली होती की ठरावीक मुदतीत कधीही या. चिनी नववर्षाच्या सुट्टीत मुख्य चीनमधून एवढे लोक आले की पार्क भरलं आणि गेटं बंद झाली. हातात तिकीट असलेली माणसं बाहेर! काहींनी कुंपणावरून उड्या मारायचा प्रयत्न केला, पोरांना गेटवरून पलीकडे दिलं. आता तारीखवार तिकिटं आणि दर आलेत, त्यामागे हाही अनुभव असणार. आपण धडा घ्यायचा तो असा की मंगळवार-बुधवारसारखा साधा वार पकडा, आणि तो दिवस पार्क बंद तर नाही ना, हे त्यांच्या वेबसाइटवरच्या कॅलेंडरवर बघूनच विमानाचं तिकीट काढा. उलटं करू नका.

सप्टेंबर? हाँगकाँगला तेव्हा वादळांचे दिवस असतात. आठ नंबरचा बावटा लागला की शहर ठप्प, पार्कही. (शिवाय गणपती सोडून कोणता पनवेलकर हाँगकाँगला जाणार आहे?) सिंगापूरला ऋतू एकच, घामाचा. तिथं दुपारची सर आली आणि वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. म्हणून रोलर कोस्टर सकाळी उरकायच्या, छपराखालच्या गोष्टी दुपारी. मी स्वतः हाँगकाँगचा नोव्हेंबर धरलाय. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरची, भाऊबीज आटोपून निघायचं. हवा छान असते, चीनची सुट्टी संपलेली असते आणि नाताळची सजावट लागायला लागते.

आता जरा घरातलं बोलते. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात तीस वर्षं शिफ्टमध्ये होते. आईने विमान आतून पाहिलेलं नाही. मी ट्रिपचं काढलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य, ‘तुम्ही पोरं जा, आमचं काय काम तिथं? पाळण्यात बसू का या वयात?’ बाबांचं त्याहून सरळ, ‘त्या पैशात चार धाम होतील.’ दोघांचंही चुकलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीने आई-वडिलांना असंच हौसेने नेलं आणि दिवसभर ते दोघं बाकड्यावर सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बसले. ती दर अर्ध्या तासाने येऊन विचारायची, ‘कंटाळा नाही ना आला?’ आणि ते म्हणायचे, ‘छे छे!’ ते ‘छे छे’ ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. बाबांचे गुडघे आत्ताच कुरकुरतात. आणखी पाच वर्षांनी माझ्याकडे पैसे जास्त असतील कदाचित, गुडघे मात्र असे नसतील. ट्रिप या वर्षी करायचीय ती त्यासाठी.

म्हणून मी पार्क निवडताना आधी बघितलं की आई-बाबांना बसता येईल असं तिथं काय काय आहे. तुम्हीही असंच करा, घरात म्हातारं माणूस असो की तान्हं मूल. हाँगकाँगला ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ आहे, २००८ पासून. होडीत बसायचं, होडी आपली आपण पाण्यातून हळूहळू जाते, दोन्ही बाजूंना देशोदेशीच्या बाहुल्या. ‘मिस्टिक मॅनर’ आहे, २०१३ चं. एका सनकी संग्राहकाचा वाडा, त्यातून गाडी रुळांशिवाय फिरते, धक्के नाहीत, उलटंपालटं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथं फ्रोझन सिनेमाचं अख्खं गावच उभं केलंय, नुसतं हिंडायलासुद्धा पुरतं. शिवाय मिरवणुका, स्टेज शो. दुसऱ्या बाजूला आरसी रेसर आहे, त्याला किमान उंची १२० सेंटीमीटर लागते आणि काळीजही. तिथं मी एकटी जाणार. सिंगापूरला आई-बाबांच्या दृष्टीने गोष्टी कमी वाटल्या. दोस्तांबरोबर जाणार असाल तर मात्र सिंगापूर बेस्ट! बॅटलस्टार गॅलेक्टिकाच्या जुळ्या कोस्टर, ममीची अंधारातली राइड, फेब्रुवारी २०२५ पासून मिनियन लँड. काही राइड्सना एकट्या माणसासाठी वेगळी रांग असते, ग्रुप फोडून त्यात घुसलात तर भरपूर वेळ वाचतो. रांग टाळायची ज्यादा पैशांची तिकिटं दोन्हीकडे आहेत, हाँगकाँगला प्रीमियर ॲक्सेस, सिंगापूरला एक्स्प्रेस. साध्या वारी गेलात तर आधीच घेऊ नका. आत जाऊन रांगा बघा आणि मग ठरवा.

चालणं मात्र कोणालाच चुकत नाही. दिवसभरात आठ-दहा किलोमीटर सहज होतात. आई-बाबांना मी वडाळे तलावाला रोज फेऱ्या मारायला लावलंय. आधी दोन, आता चार. नवे बूट आत्ताच घेऊन दिलेत, म्हणजे पायाला फोड यायचे ते पनवेलमध्ये येतील. पार्कात व्हीलचेअर भाड्याने मिळते, हेही मी विचारून ठेवलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. दुपारी एक ते तीन आम्ही छपराखाली बसून जेवणार, त्यात तडजोड नाही.

जेवणावरून आठवलं. आई शाकाहारी आणि मंगळवारी उपवास. हाँगकाँगच्या पार्कात एक्सप्लोरर्स क्लब नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथं भारतीय पदार्थ मिळतात. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्येही भारतीय चवीचं मिळतं. शहरात तर प्रश्नच नाही, सिंगापूरला लिटल इंडिया आणि हाँगकाँगला चिम शा चुईचं चुंगकिंग मॅन्शन. चुंगकिंगची बिल्डिंग बघून आधी थोडं दचकायला होतं, पण वर डाळ-रोटी मिळते. चिवडा, खाकरे, चकल्या बॅगेत असूच द्या, पण हॉटेलसाठी. पार्कात बाहेरचं खाणं नेण्याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. तोक्योच्या डिस्नेत घरचा डबा चालतच नाही, त्यासाठी गेटबाहेर जागा केलेली आहे. सिंगापूरला जाताना च्युइंगगम काढून ठेवा. उपवासाचं म्हणाल तर पार्क बुधवारी ठेवलंय.

कागदपत्रं. इथं पेशन्स लागतो. पासपोर्ट प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा असायला हवा. नवा काढायचा तर साध्या अर्जाला १,५०० रुपये, तत्काळ हवा तर वर २,००० आणखी. आमच्याकडे घोळ झाला आईच्या नावाचा. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. मराठी घरातल्या निम्म्या आयांचं असंच असतं, त्यामुळे हे काम सर्वात आधी सुरू करा. पासपोर्टवर जे येईल तेच अक्षरन् अक्षर विमानाच्या तिकिटावर हवं.

व्हिसाचं म्हणाल तर हाँगकाँग सोपं. जानेवारी २०१७ पासून आपल्याला तिथं जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. फी नाही. बहुतेकदा उत्तर लगेच येतं. ती सहा महिने चालते आणि एका वेळी चौदा दिवस राहता येतं. प्रत्येकाची नोंदणी वेगळी करायची आणि स्लिप छापून जवळ ठेवायची. ही नोंदणी हातात आल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका, कारण नाकारली गेली तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यात आठवडे जातात. सिंगापूरला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटामार्फत करायचा, आणि पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. जपानने १ एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांसाठी ई-व्हिसा सुरू केला, पण तिथं उत्पन्नाचे कागद नीट लागतात. नोकरीवाल्यांना सोपं, पगाराच्या स्लिपा आणि ऑफिसचं रजेचं पत्र. माझ्यासारखी फ्रीलान्सर म्हणजे कागदोपत्री जवळपास बेकार! अशांनी तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स जपून ठेवावीत. रिटर्न का भरायचं, याचं इतकं पटणारं कारण मला सीएनेही दिलं नव्हतं.

विमान कुठून सुटतंय तेही नीट वाचा. तिकिटावर एनएमआय असेल तर नवी मुंबई, बीओएम असेल तर सहार. नवी मुंबईची सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली, त्यामुळे ‘आता काय, घरूनच चालत जाऊ’ म्हणून गाफील राहू नका. सहारला जायचं असेल तर सायन-पनवेल हायवेसाठी दोन तास आणि वर तीन तास आधी पोचायचे, असा हिशेब धरा.

राहिला पैसा. आमच्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा विमानाचा, मग हॉटेल, मग पार्क. मी दीड वर्षापूर्वी दर महिन्याला १२,००० ची आरडी लावली होती. अठरा महिन्यांचे २,१६,००० आणि वर व्याज. थोडी भर बाबांनी घातली, ती नाही म्हटलं तर रागावले असते. तुमच्यापैकी अनेकांना बँकेचे फोन येत असतील, ‘सर, ट्रॅव्हल लोन घ्या, आता फिरा, नंतर भरा.’ तीन लाखांचं कर्ज, १४ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी घेतलंत तर ईएमआय साधारण १४,४०० आणि एकूण व्याज पंचेचाळीस हजारांच्या वर. त्या पंचेचाळीस हजारांत आमची तिघांची डिस्नेची तिकिटं निघून हॉटेलची एखाद-दुसरी रात्रही निघते. त्यापेक्षा ऑफिसात भिशी लावा आणि आपला नंबर सीझनच्या आधी येईल असं बघा. पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस कापला जातो. त्याचा दर सरकार बदलत असतं, बुकिंगच्या वेळी विचारा. तो तुमच्याच टॅक्सचा भाग असतो, रिटर्नमध्ये वळता करून घ्यायला विसरू नका. क्रेडिट कार्डावर परदेशात खर्च केला की बँक वर दोन-साडेतीन टक्के लावते, म्हणून फोरेक्स कार्ड आणि थोडी रोख. प्रवासाचा विमा तिघांचाही काढायचा. बाबांचा फॉर्म भरताना बीपीची गोळी चालू आहे हे लिहायचंच. एजंट ‘सोडा हो’ म्हणाला तरी लिहायचं, नाहीतर ऐन वेळी क्लेम अडकतो.

हॉटेल मी तुंग चुंगच्या बाजूला बघतेय. तुंग चुंग आणि डिस्नेलँड एकाच लांताऊ बेटावर, विमानतळही त्याला लागूनच. मेट्रोने सनी बे स्टेशनला गाडी बदलली की पुढची गाडी फक्त डिस्नेला जाते, तिच्या खिडक्याही मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. शहरात राहिलं की शॉपिंग जवळ पडतं हे खरं, पण रात्रीचा शो संपल्यावर दमलेल्या आई-बाबांना दोन गाड्या बदलत लांब नेण्यापेक्षा हे बरं. शेवटपर्यंत थांबता येईल.

परवा बाबा वही चाळत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा काढून म्हणाले, ‘गेट साडेदहाला उघडतं म्हणतेस, मग आपण दहाला तिथं का पोचायचं? साडेनऊला पोचू. पहिल्या शिफ्टला मी कधी लेट गेलेलो नाही.’ वहीत खाडाखोड करून साडेनऊ लिहिलंय. आता ब्रेकफास्टचं बघायचंय.